एस्टीमचा इनटेक मॅनिफोल्ड बदलताना: प्रकल्प नोंदी

११ जानेवारी

गाडी मारुती एस्टीम, २००४ ची. इंजिन जी१३बीबी: १२९८ सीसी, एकच कॅम, सोळा व्हॉल्व्ह, बोअर ७४ आणि स्ट्रोक ७५.५ मिलिमीटर, कागदावर ८५ अश्वशक्ती. गाडी अंगाने हलकी, त्यामुळे एवढ्यातही मजा येते. तक्रार एकच. साडेचार हजार आरपीएमपर्यंत इंजिन खुशीत फिरतं. त्यापुढे आवाज वाढतो, ओढ वाढत नाही. फिल्टर, प्लग, कॉम्प्रेशन, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, सगळं बघून झालंय. मागच्या वर्षी मूळ ईसीयूच्या (इंजिन चालवणाऱ्या संगणकाच्या) जागी स्पीडुइनो, म्हणजे स्वतः ट्यून करता येणारा ईसीयू, बसवला, सोबत वाइडबँड लॅम्डा सेन्सर, एक्झॉस्टवरून हवा-पेट्रोलचं मिश्रण मोजायला. तेव्हापासूनचे लॉग एकच गोष्ट सांगतात: थ्रॉटल पूर्ण उघडा असताना ४८०० च्या पुढे व्हीई टेबलातले (कुठल्या फेऱ्यांना सिलिंडर किती भरतो त्या तक्त्यातले) आकडे उताराला लागतात. म्हणजे वरच्या फेऱ्यांना इंजिनला हवा पुरत नाही.

मूळ इनटेक मॅनिफोल्डला, म्हणजे चारही सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागाला, नावं ठेवायची नाहीत. लांब आणि अरुंद रनर (प्रत्येक सिलिंडरकडे जाणारे पाईप), कारण सुझुकीला ही गाडी सिग्नलवरून सुटताना चपळ हवी होती, आणि ती आहेच. मला खटकतं ते दुसरं. याच मॅनिफोल्डच्या पोटातून कूलंट फिरतं, थर्मोस्टॅटही त्यावरच बसतो. थंड देशात हे शहाणपणाचं, पेट्रोलची वाफ नीट होते. नागपुरात मे महिन्यात इंजिनात जाणाऱ्या हवेला आणखी शेक द्यायची कोणाला गरज आहे?

जी१३बीबीसाठी तयार आफ्टरमार्केट मॅनिफोल्ड मला मिळाला नाही. जे दिसले ते ट्विन कॅम जी१३बीचे, त्याचं हेडच वेगळं. तेव्हा बनवून घ्यायचा. थ्रॉटल बॉडी मूळचीच ठेवणार. ८५ घोड्यांच्या इंजिनाला ती कमी पडत नाही.

१९ जानेवारी

मित्राचं मत: "छोटे पाईप लाव बे, वरती तुटून पडते गाडी." चकचकीत पॉलिश केलेले वीतभर रनरवाले मॅनिफोल्ड सगळ्यांनीच फोटोत पाहिलेत. पण ते आठ-नऊ हजार फिरणाऱ्या इंजिनांचे. रनरची लांबी म्हणजे इंजिनाने कुठल्या फेऱ्यांना खोल श्वास घ्यायचा याचा निर्णय, आणि तो फोटो बघून घ्यायचा नसतो. आज कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

इनलेट व्हॉल्व्ह बंद होतो तेव्हा धावत आलेली हवा त्यावर आदळते आणि दाबाची लाट उलट निघते. प्लेनमच्या (रनर ज्यातून निघतात त्या हवेच्या डब्याच्या) उघड्या तोंडाशी पोचली की ती उलटून परतते, दाबाच्या जागी ओढ घेऊन. बंद व्हॉल्व्हवर आपटून पुन्हा प्लेनमकडे, तिथे पुन्हा उलटते, आणि आता परत दाब होऊन व्हॉल्व्हशी येते. म्हणजे दाबाची लाट दाब म्हणूनच परत यायला रनरची लांबी चार वेळा कापावी लागते. ती परत येण्याच्या क्षणी व्हॉल्व्ह उघडत असेल तर फुकटात थोडी जास्त हवा आत ढकलली जाते.

व्हॉल्व्ह बंद राहण्याचा काळ हिशोबाला ५०० अंश धरला. ५५०० आरपीएमला क्रँक सेकंदाला ३३,००० अंश फिरतो, म्हणजे हाताशी १५ मिलिसेकंद. मॅनिफोल्डमधली हवा ६० अंश सेल्सिअस धरली तर आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३६६ मीटर. तेवढ्या वेळात लाट साडेपाच मीटरच्या थोडी पुढे जाते. एवढ्यात तिने चार पूर्ण चक्रं करायची, म्हणजे सोळा लांब्या. उत्तर ३५ सेंटीमीटरच्या जवळ. त्यातले ९ सेंटीमीटर हेडमधल्या पोर्टचेच (हवेच्या वाटेचे). उरला रनर, तोंडाच्या बेलमाउथसकट (कर्ण्यासारख्या पसरट तोंडासकट) २६ सेंटीमीटर.

मित्राचा १५ सेंटीमीटरचा रनर याच चक्राला आठ हजारांच्या आसपास लागू पडतो. हे इंजिन आयुष्यात तिथवर जायचं नाही.

गंमत म्हणजे हा आकडा ऋतूप्रमाणे सरकतो. थंडीत मॅनिफोल्डमधली हवा २७-२८ अंश असेल तर आवाजाचा वेग ३४७-४८, आणि तोच रनर ५२०० ला लागेल. उन्हाळ्यात ५५००, हिवाळ्यात ५२००. दोन्ही मला चालतात. लांबी २६ वर कायम.

९ फेब्रुवारी

कबाड्याकडून जी१३बीबीचा दुसरा मॅनिफोल्ड उचलला. माझा मूळचा कापायचा नाही, तो पोत्यात गुंडाळून माळ्यावर जाणार.

कबाडाचा उपयोग दोन गोष्टींसाठी. त्याच्या फ्लँजवरून (हेडला टेकणाऱ्या पाटीवरून) पोर्ट आणि स्टडच्या जागांचा ठसा घेतला: जाड कागद ठेवून कडेने बॉलपीन हातोडीने हलके ठोके, जुने मिस्त्री पॅकिंग कापायचे तसं. आणि थर्मोस्टॅटचं घर, कूलंट टेम्परेचर सेन्सरच्या बॉससकट (तो बसवायच्या उंचवट्यासकट), आरीने वेगळं काढलं. नव्या फ्लँजच्या टोकाला ते एकटंच वेल्ड होईल. पाणी हेडमधून निघून सरळ थर्मोस्टॅटकडे, तिथून रेडिएटरला. प्लेनमच्या वाटेला जाणार नाही. हीटरची लाइनही त्याच घरातून.

२३ फेब्रुवारी

फ्लँज हिंगणा एमआयडीसीत सीएनसीवर कापून आणला. ६०६१ ॲल्युमिनियम, १२ मिलिमीटर. ड्रॉइंग मीच काढून दिलं होतं. स्टडची भोकं हेडवर चपखल बसली, पोर्ट मुद्दाम अर्धा मिलिमीटर कमी ठेवलेत, हाताने घासून जुळवायला.

९ मार्च

आजचं काम तपशिलात लिहून ठेवतो, कारण पुढे कोणी विचारलं तर हेच विचारेल: पाईप वाकवला कसा.

एस्टीममध्ये इंजिन आडवं, इनटेकची बाजू फायरवॉलकडे. सरळ २६ सेंटीमीटर मागे गेलं तर थेट ब्रेक बूस्टरच्या मांडीवर. म्हणून रनर हेडमधून निघून वर वळायला हवेत. पाईप बाहेरून ३८ मिलिमीटर, जाडी २, ६०६३ चा. तो विकत येतो तेव्हा कडक असतो. तसाच वाकवायला गेलं तर बाहेरच्या वळणावर चीर पडते. आधी मऊ करावा लागतो, आणि इथे ॲल्युमिनियम फसवतं. लोखंड तापलं की लाल होतं, कळतं. ॲल्युमिनियम रंग बदलत नाही. बघता बघता वितळून खाली पडतं.

फॅब्रिकेशनवाले काका यात मुरलेले. त्यांनी कपडे धुवायच्या साबणाची वडी घेतली, वळणाच्या पट्ट्यावर कोरडीच घासली, पांढरे ओरखडे उठले. मग बर्नरची मऊ ज्योत फिरवत राहिले, एका जागी न थांबता. ओरखडे आधी पिवळट, मग तपकिरी, मग एकदम काळे झाले. "बस. काळा पडला का थांबायचं. याच्या पुढं गेला का पाईप गेला." साबण काळा पडतो तेव्हा धातू साडेतीनशे अंशांच्या आसपास पोचलेला असतो, मऊ व्हायला तेवढं पुरतं.

मग वाळू. चाळलेली, आणि कढईत भाजून कोरडी केलेली, कारण ओलसर वाळू गरम पाईपात गेली तर वाफेने टोकाची बुचं गोळीसारखी सुटतात. पाईप उभा धरून, ठोकत ठोकत वाळू बसवली, दोन्ही टोकांना लाकडी बुचं. नंतर फॉर्मावर हळूहळू वळवला. आतल्या बाजूला बारीक सुरकुती आली, ती घासून जाईल. चारही रनर एकाच फॉर्मावर, लांबी मधल्या रेषेवर दोरा धरून मोजली. चारांत फरक दोन मिलिमीटरच्या आत.

फ्लँजकडचं टोक गोलाचं लंबगोल करायला सागवानाचा ठोकळा घासून घेतला आणि त्यावर पाईप चढवून लाकडी हातोडीने.

२३ मार्च

प्लेनम: ३ मिलिमीटरची शीट, आकारमान दीड लिटर. नॅचरली ॲस्पिरेटेड इंजिनाला इंजिनाएवढं किंवा त्याहून थोडं जास्त प्लेनम बरं, असं माझं मत. फार मोठं केलं तर पायाला उत्तर उशिरा मिळतं. थ्रॉटल एका टोकाला असल्यामुळे प्लेनम दूरच्या टोकाकडे निमुळतं केलंय, नाहीतर चार सिलिंडरांत हवेचं वाटप असमान होतं. रनरची तोंडं आत १५ मिलिमीटर घुसवून त्यांना बेलमाउथ दिले. लेथवर झाले, काही विशेष नाही.

ब्रेक बूस्टरचा निपल (होज जोडायचं तोंड) प्लेनमच्या मध्यावर, मोठ्या भोकाचा. पीसीव्हीचा, म्हणजे इंजिनाच्या पोटातली तेलकट वाफ परत आत घेणाऱ्या नळीचा, निपल थ्रॉटलच्या लगेच मागे, म्हणजे तेलाची वाफ चारांत वाटली जाईल. एखाद्या रनरजवळ दिला तर तो एकच प्लग कायम काळा. मॅप सेन्सरला (मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या) वेगळा, लहान निपल. बूस्टरच्या लाइनमधून टी काढून मॅपला द्यायचा मोह होतो, पण ब्रेक दाबला की मॅपचं रीडिंग हलतं आणि स्पीड-डेन्सिटीवर (दाबावरून हवा ठरवण्याच्या पद्धतीवर) चालणाऱ्या ईसीयूचा सगळा हिशोब त्या एका आकड्यावर उभा असतो.

५ एप्रिल

आर्गन वेल्डिंग. फ्लँज एकटा वेल्ड केला तर केळ्यासारखा वाकणार हे ठरलेलं, म्हणून २५ मिलिमीटरच्या लोखंडी पाटावर सगळे बोल्ट आवळून मगच टाके घेतले. फिलर ४०४३. एका रनरवर थोडं, मग पलीकडच्यावर, असं फिरत फिरत.

सकाळी मस्त चाललं होतं. टाका चकचकीत, नाण्यांच्या चळतीसारखा. अकरानंतर पत्र्याखाली बसवेना, पोरांनी कूलर लावला. त्यानंतरचा पहिलाच टाका काळपट आणि जाळीदार. टंगस्टन बदललं, पाईप परत ब्रश केला, ॲसिटोनने पुसला, तरी तेच. काकांनी मान वर करून कूलरकडे पाहिलं. "कूलर बंद करा ना पोट्टेहो! गॅस उडून राह्यला सारा."

आर्गन म्हणजे तापलेल्या ॲल्युमिनियमवर धरलेलं छत्र. कूलरचा झोत आला की ते उडतं. वर तो झोत ओल घेऊन येतो, आणि ओलीतला हायड्रोजन वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये शिरून गोठताना बुडबुडे सोडतो. दोन्हीकडून मार. कूलर बंद, खराब टाका घासून काढला, पुन्हा भरला. घामाने आमची अवस्था विचारू नका. उरलेलं काम रात्री जेवणानंतर करायचं ठरलं आणि तसंच झालं.

थर्मोस्टॅटच्या जुन्या कास्टिंगने त्रास दिला. वीस वर्षं कूलंट प्यायलेला धातू. ज्योत लागली की आतून घाण उकळून वर येते. तापवून, ब्रश करून, पहिला टाका घासून टाकून, दुसऱ्याला बसला.

१३ एप्रिल

फ्लँज पाटावरून सोडल्यावर स्ट्रेट एज ठेवून फीलर गेज लावला: मधे ०.२५ मिलिमीटरची फट. पाटाला बांधूनही एवढं आलंच. मिलिंगवर फेस घेतला, आता ०.०५ चं पातंही जात नाही.

नंतर रनरची तोंडं रबर आणि पट्ट्यांनी बंद करून, बूस्टरच्या निपलमधून सायकलच्या पंपाने हवा भरून, चौकातल्या पंक्चरवाल्या भाऊंच्या टबात बुडवला. भाऊंनी आधी विचारलं, "कायची ट्यूब आहे हे?" मग स्वतःच उलटापालटा करून दाखवला. इंजेक्टरच्या तिसऱ्या बॉसच्या मुळाशी मोत्यासारखे बुडबुडे, एकामागून एक. तिथे खडूने खूण. थर्मोस्टॅटच्या घरातून काहीच नाही. बॉसवर पुन्हा टाका आणि पुन्हा टब, आता कोरडा.

१७ एप्रिल

इतवारीतून हायलमची (बेकेलाइटसारख्या, उष्णता कमी वाहणाऱ्या साहित्याची) ६ मिलिमीटरची शीट. हेड आणि मॅनिफोल्ड यांच्यामधे स्पेसर म्हणून. ॲल्युमिनियमला ॲल्युमिनियम चिकटलं की हेडची उष्णता सरळ वर चढते. हायलम ती वाट अडवतं. अडचण पाण्याच्या भोकाची. हायलमच्या कापलेल्या कडा पाणी पितात आणि फुगतात. त्या भोकात ॲल्युमिनियमची पातळ बुश दाबून बसवली, कडेला अॅरल्डाइट. दोन्ही बाजूंना नवं गॅस्केट. स्टड आता लांब लागणार, ते एम८ चेच, सहा मिलिमीटर जास्तीचे.

२० एप्रिल

जुन्या मॅनिफोल्डवर गाडीच्या ओढीचं मोजमाप जानेवारीतच करून ठेवलं होतं, पण ते रद्द. त्या पहाटे बाहेर १२ अंश होते. १२ अंशांच्या आणि ४३ अंशांच्या हवेच्या घनतेत दहा टक्क्यांहून जास्त फरक पडतो. कुठल्याही मॅनिफोल्डने या इंजिनात दहा टक्के दिले तर मी पेढे वाटीन. म्हणजे थंडीत जुना आणि उन्हात नवा मोजला असता तर नव्याचा निकाल लागलाच असता, उलटा.

आज पहाटे, २६ अंशांत, रिकाम्या रस्त्यावर, दुसऱ्या गिअरमध्ये, वेग ऐंशीच्या आत. लॉगवरून: २५०० ते ४००० ला २.३ सेकंद, ४००० ते ६२०० ला ३.५ सेकंद. दोन्ही दिशांची सरासरी. चावी ऑन आणि इंजिन बंद असताना मॅप ९७ किलोपास्कल (नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटर वर, शंभर इथे दिसत नाही). आयडलला ३४. दुपारी सिग्नलवर उभं असताना इनटेकची हवा ६८ अंश.

२७ एप्रिल

जुना उतरवला. फ्युएल पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवलं, म्हणजे रेलमधला दाब गेला. मग बॅटरी, कूलंट, थ्रॉटल केबल, होज. प्रत्येक होजला टेप लावून नाव लिहिलं. खालच्या ओळीतले मधले नट हाताला लागतात, डोळ्याला दिसत नाहीत; १२ चा रिंग पाना अर्धा कापून बारीक केला तेव्हा फिरले.

हेडच्या पोर्टात चिंध्या कोंबून गॅस्केटचे तुकडे प्लास्टिकच्या पट्टीने खरवडले. इंजेक्टरच्या ओ-रिंग व्हायटॉनच्या (इंधनाला टिकणाऱ्या रबराच्या) घेतल्या. पंपावर आता ई२० च (वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल) मिळतं, जुनं साधं रबर त्यात टिकेल यावर माझा भरवसा नाही. रेलपर्यंतचा होजही त्याच कारणाने नवा.

४ मे

बसवला. नट मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने, शेवटी २३ न्यूटन-मीटर. कूलंट भरून हवा काढली. दुसऱ्या सेल्फला इंजिन उठलं आणि १६०० वर जाऊन बसलं. खाली येईना. लॅम्डा १.२ च्या वर (एकच्या वर म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी), मॅप ४६. कुठून तरी हवा ओढतंय.

कार्ब क्लीनर फवारून लीक शोधायची पद्धत आहे. तापलेल्या एक्झॉस्टजवळ मला ती आवडत नाही. घरात आजीचं धुपाटणं आहे, ते घेतलं. गाडीपासून लांब, अंगणात, निखाऱ्यावर ऊद टाकला, वर झाकणाचा डबा, डब्याच्या एका भोकात गादी फुगवायचा पंप आणि दुसऱ्यातून लांब पाईप थ्रॉटलच्या तोंडाला, बाकी तोंड रबरी हातमोज्याने बंद. इंजिन थंड आणि बंद. आजी ओट्यावरून बघत होती: "गाडीची नजर काढून राह्यला का रे?"

दोन मिनिटांत प्लेनम भरलं. सगळीकडे कोरडं आणि तिसऱ्या रनरच्या खाली, हायलमच्या कडेने, धुराची बारीक दोरी सरळ वर. खालचा मधला नट: पाना त्याच्यावर बसतो, पण फायरवॉलला टेकून पाव फेरासुद्धा मिळत नाही. टॉर्क रेंच तिथे पोचतच नव्हता, हाताने आवळलेला होता. क्रोफूट पाना आणून तो रेंचला काटकोनात लावला, म्हणजे लांबीचा हिशोब बदलत नाही, आणि पुरता आवळला. धूर बंद. इंजिन ८५० वर स्थिर, मॅप ३५.

घरभर दिवसभर उदाचा वास.

११ मे

मॅपिंग. जुनं व्हीई टेबल तसंच ठेवून फिरलो आणि वाइडबँड काय म्हणतो ते पाहिलं. २००० ते ३५०० मधे मिश्रण किंचित श्रीमंत (पेट्रोल जास्त), म्हणजे हवा आधीपेक्षा कमी जातेय. आकडे दोन-तीन टक्क्यांनी उतरवले. ४२०० च्या पुढे उलट, आणि ५२०० ते ५८०० च्या पट्ट्यात सात-आठ टक्के चढवावे लागले. चढ जिथे हवा होता तिथेच आलाय. हे बघून बरं वाटलं, लपवत नाही.

मी एएफआर (हवा आणि पेट्रोलचं वजनी प्रमाण) बघत नाही, लॅम्डाच बघतो. साध्या पेट्रोलचं १४.७ हे प्रमाण ई२० ला लागू नाही, त्याचं १३.५ च्या आसपास. १४.७ धरून ट्यून करणारा माणूस इंजिन उपाशी चालवतो. लॅम्डा १ म्हणजे १, टाकीत काहीही असो. पूर्ण थ्रॉटलला ०.८७ ठेवला. एवढ्या उन्हात थोडं श्रीमंत बरं; इग्निशन वरच्या पट्ट्यात एक अंश मागे, कारण सिलिंडर आता जास्त भरतो आणि नॉक (मिश्रण अवेळी पेटल्याची खटखट) ऐकायला कानाशिवाय काही नाही.

१८ मे

गरम गाडी. दुपारी सीताबर्डीला काम होतं, अर्धा तास उन्हात उभी. परत आल्यावर सेल्फ लागतो, इंजिन उठतं, आणि एक मिनिट खोकत चालतं. लॉग: इनटेक टेम्परेचर ७९. बाहेर ४४ असताना आत ७९ ची हवा? हवा नव्हेच, सेन्सर. तो प्लेनमच्या धातूत घट्ट बसवलाय. उभ्या गाडीत धातू तापला की सेन्सर धातूचं तापमान सांगतो. ईसीयूला वाटतं हवा विरळ आहे, पेट्रोल कमी द्या. खरी आत येणारी हवा त्याहून कितीतरी गार, म्हणून मिश्रण कोरडं.

सेन्सर काढून थ्रॉटलच्या आधीच्या रबरी पाईपात बसवला. प्लेनमवरच्या भोकाला प्लग. खोकला गेला.

उन्हात उभ्या गाडीचं दुखणं नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. २०१३ च्या मे महिन्यात इथे पारा ४७.९ ला गेला होता.

२५ मे

पहाटे २८ अंश. तोच रस्ता, तोच गिअर, टाकी तेवढीच.

२५०० ते ४०००: २.४ सेकंद. ४००० ते ६२००: ३.२ सेकंद.

खाली ०.१ गेले, वर ०.३ मिळाले. दोन अंशांनी जास्त गरम हवेत. खालचा तोटा सिग्नलवर जाणवतो का? तिसऱ्यात चाळीसने रेंगाळताना, एसी चालू असताना, हो, किंचित. तिथे आता दुसरा टाकावा लागतो. बायकोला पहिल्याच दिवशी कळलं, मला सांगावं लागलं नाही. ज्याची गाडी रोज सकाळी सदर ते धरमपेठ एवढीच फिरते त्याने या कामात हात घालू नये. त्याच्यासाठी सुझुकीचा मूळचाच उत्तम. माझं फिरणं वर्धा रोडवर आणि रामटेकच्या बाजूला जास्त, ओव्हरटेक चार हजारांच्या वर होतात.

दुपारी सिग्नलवर इनटेक ५८ अंश. सेन्सरची जागा बदललीय, त्यामुळे ६८ शी सरळ तुलना खोटी ठरेल. म्हणून प्लेनमला बाहेरून इन्फ्रारेड थर्मामीटर लावला: प्लेनम ६१, त्याच क्षणी हेडची कड ९४. हायलमच्या सहा मिलिमीटरने आपलं काम केलंय.

१ जून

नट पुन्हा टॉर्क केले. हायलम गरम-थंड होताना थोडं बसतं, म्हणून हे लागणारच होतं; दोन नट अंमळ फिरले. प्लग काढून ओळीने ठेवले. एक ते तीन फिकट तपकिरी, चौथा त्यांच्यापेक्षा जरा पांढरा. प्लेनम निमुळतं करूनही थ्रॉटलजवळच्या सिलिंडरला थोडी जास्त हवा जातेय. चौथ्याच्या इंजेक्टरला दोन टक्के ट्रिम, म्हणजे तेवढं पेट्रोल जास्त.

कूलंटच्या बुशभोवती ओल नाही.

८ जून

पीयूसी. या काळातल्या पेट्रोल गाडीला आयडलवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.५ टक्के, आली ०.२. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, पीसीव्ही, ऑक्सिजन सेन्सर सगळं जागेवर आहे, तिथे हात लावलेला नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत असे बदल करायला मनाई करतं, ज्यांनी नोंदणीपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ नोंदीशी जुळेनासा होतो. माझ्या आरसीवरची सीसी, इंजिन नंबर, इंधन यांत काही बदललेलं नाही. तरी पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीची दर पाच वर्षांनी फेरनोंदणी असते. त्या वेळी अधिकाऱ्याने बॉनेट उघडायला लावलं आणि शंका घेतली, तर माळ्यावरचा मूळचा मॅनिफोल्ड एका दिवसात परत चढतो. त्याचे स्टड, गॅस्केट आणि होज त्याच पोत्यात, टेपवरच्या नावांसकट.

राहिलेलं काम: थंडीचं वॉर्मअप टेबल. प्लेनमला आता पाण्याचा शेक नाही, त्यामुळे डिसेंबरात दहा अंशांच्या पहाटे गार सेल्फला पेट्रोल जास्त लागेल. किती, ते त्या पहाटेच कळेल. तोवर टेबलात अंदाजाने आठ टक्के चढवून ठेवलेत.